दूर करण्याची रीत

दुरून डोंगर साजरे, हे थोरा हार्कसला ठाऊक नाही.
तिला ठाऊक आहे
दूरचा डोंगर करायचा कसा.

जुन्या कोटाची काळपट लोकर घ्यायची,
टेकडीच्या पाठीसारखी कातरायची,
मग तिच्यावर ऑर्गंझाचा एक थर, राखी.
दुसरा निळसर, विरलेला असला तरी चालेल.
तिसरा, मासळीच्या दुकानातला नायलॉनचा पडदा,
तीनदा धुऊनही ज्याचा वास गेला नाही.
दर थरामागे टेकडी मैलभर मागे सरकते.
"निळा रंग फासून काही दूर जात नाही,"
दातांत टाचणी धरून थोरा म्हणते,
"मध्ये काहीतरी यावं लागतं."

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर तिचं घर,
वरच्या खोलीत मी, भाडेकरू.
समोरच्या बेटाचं नाव होय.
समुद्रावरून चालत येणाऱ्या धुक्याला इथं म्हणतात हार.
आमच्या भाषेत या दोन शब्दांचं काय होतं
हे मी तिला सांगितलं नाही.
भाडं वेळेवर दिलं.

तिच्या गोधड्या पांघरायच्या नव्हेत,
उबेचं त्यांना काही पडलेलं नाही.
बँडेजचं कापड, कांद्याच्या पिशवीची जाळी,
नणंदेनं नवऱ्यासकट टाकून दिलेला लग्नातला तलम पदर;
तापल्या सळईनं ती कडा वितळवते,
जिन्यापर्यंत कडवट वास.
लोक म्हणत, धुकं बघावं तर थोराचं.
सात थर. गेल्या हिवाळ्यात नऊ.

तो मोतीबिंदू होता, हे मार्चात कळलं.

कर्कवॉलला जाऊन आली. आधी उजवा, मग डावा.
झाकण काढलं त्या सकाळी
खिडकीशी उभी राहून भांडल्यासारखी म्हणाली,
"कुणी आणून ठेवली ही इतकी जवळ?"
कुंपणाचे खांब मोजता येत होते.
मेंढ्यांची वाट. छप्पर उडालेलं एक घर.
मग तिनं स्वतःचे हात पाहिले, उलटसुलट,
आणि शेगडीमागची धूळ.

शनिवारी गोधडी वाचनालयात लावायची होती.
शुक्रवारी रात्री खालून आवाज येत राहिला,
टच्, टच्,
टाका घालताना येत नाही असा.

खाली गेले तर चार थर उसवलेले,
खुर्चीच्या पाठीवर धुकं टाकलेलं,
आणि टेकडीच्या पायथ्याशी, थेट लोकरीवर,
नखाएवढा लाल कॉर्डुरॉयचा तुकडा
बारीक धावदोऱ्यानं बसवलेला.

"एर्लंडच्या होडीघराचं दार," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
"हे मी केव्हा शिवलं?"

एर्लंड तिचा भाऊ. पलीकडच्या किनाऱ्यावर राहतो,
फेरीनं अर्धा तास.
तीस वर्षं बोलणं नाही.
का, म्हणून विचारलं
की ती चहाचं आधण ठेवते.

त्या रात्रीही ठेवलं.
मग थर परत घातले. चार नाही, तीन.
चौथ्याची घडी करून लोकरीच्या पेटीत टाकली.
खालची कड तशीच मोकळी सोडली,
म्हणाली, दोरा संपला.
टेबलावर दोऱ्याची अख्खी रिळं होती,
मी काही त्यांच्याकडे बघितलं नाही.

वाचनालयात लोक आले, मागे सरून बघून गेले.
वारा-पावसाविषयी बोलले.
एका लहान मुलीनं तेवढी कड उचलली,
आत पाहिलं,
परत सोडून दिली,
आणि आईला काहीच सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी खरोखरची हार आली.
की आला? मला अजून ठरवता येत नाही,
आणि इथं विचारणार तरी कुणाला.
आधी कुंपणाचे खांब गेले, मग मेंढ्या,
मग अख्खं होय.

थोरा खिडकीशी होती. नव्या डोळ्यांनाही आता
पांढऱ्याशिवाय दिसण्यासारखं काही नव्हतं.
तिनं काचेवर बोट टेकवलं,
जरा डावीकडे सरकवलं,
अजून थोडं खाली,
आणि तिथं ठेवलं.