सुरी दाखवू नये

सूर गावात उद्या ईद.
रात्रीचे अडीच, आणि कत्तलखान्याचा पत्रा
अजून गरम.
बर्बराच्या बोटीतून उतरलेल्या मेंढ्या
पायांतला समुद्र न गेल्यासारख्या डुलत उभ्या.
मी एकेकीचा ओठ वर करून दात बघतो.
वय भरलेलं हवं. आंधळी नको, लंगडी नको,
फाटक्या कानाची नको.
देवाला अधू चालत नाही वाटतं,
असं एकदा बोलून गेलो, तर पारकर हसला नाही.

पारकर हर्णैचा. एकवीस वर्षं
सुऱ्यांना धार लावतो,
तीही भिंतीपलीकडे, पाण्याच्या टाकीआड.
"जनावराला सुरी दाखवायची नाय, डॉक्टर.
एकाच्या म्होरं दुसरं कापायचं नाय.
तसा हुकूमच हाय."

एवढी दया नियमात आहे.
म्हणून या रात्री मला तो डोंगर सुचतो:
म्हातारा बाप, सुरी,
आणि सगळं दिसत असलेला मुलगा.
त्याला विचारलं होतं म्हणे, तो हो म्हणाला.
मुलं हो म्हणतातच.
माझा तर सुईलासुद्धा हो म्हणायचा,
मी धरलेलं असलं की.

आमच्याकडेही एक आहे.
श्रावणी सोमवारी आई सांगायची:
दारात पाहुणा, भूक मोठी,
आणि त्याला हवं ते घरातलंच लेकरू.
कांडायचं आईनेच. डोळ्यातून टिपूस काढायचं नाही,
नाहीतर पाहुणा उपाशी उठेल.
पाहुणा कोण, ते आम्हा पोरांना आधीच ठाऊक.
उखळापाशी आली की आई घाई करायची,
दोन वाक्यं गिळून थेट
मूल हसत खेळत दारातून आलं, तिथे.
मला कावीळ झाली त्या वर्षी
तिने कहाणी सांगितलीच नाही.
तांदळाची मूठ वाहिली, आणि उठली.

दोन्हीकडे मूल परत मिळतं,
त्यावर सगळं मिटतं.
मला मात्र दुसरा दिवस हवाय.
बाप कलिंगड चिरायला बसलाय
आणि मुलगा
जरासा
लांब सरकलाय.
त्या आईने पुन्हा त्याच उखळात
चटणी कुटली का?

पारकरचा नुमान अकरावीत होता. किडनी.
पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत, कफील परगावी,
हा पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.
परत आला तर खोलीतले सगळे म्हणाले,
सबर कर, लाडक्यांचीच परीक्षा घेतो तो.
पारकरने ऐकून घेतलं.
नमाज एकही चुकवली नाही, त्या आठवड्यातही नाही.
फक्त एकदा, टाकीमागे,
अंगठ्याने धार बघता बघता:
"परीक्षा माजी, नि फी पोरानं भरायची?
असा नाय तो. माजा अल्ला असा नाय.
मानसांना काय बोलावं सुचत नाय,
मग त्याचं नाव पुढं करतात."

मी काही न मानणारा.
माझ्याकडे यावर जुने, धारदार मुद्दे होते.
एकही काढला नाही.

साडेचारला बांग. पहिली पिकअप आली,
नव्या डिशडाशातलं एक पोर दोरी धरून उतरलं,
मेंढीला काहीतरी नावाने हाक मारत.
पारकरने त्याच्या हातात ज्यूसची बाटली दिली,
गाडीत बस म्हणून मानेने सांगितलं,
आणि काच वर होईपर्यंत
तो टाकीकडे गेला नाही.

कुंपणाजवळ माझी एक नापास उभी आहे,
मागच्या पायाने लंगडी.
रविवारी ती साध्या बाजारात जाईल, मला माहीत आहे.
आत्ता ती पारकरच्या खिशातला खजूर खातेय,
बी बाजूला थुंकायचं
तिला जमत नाही.