गुरुवारी, नार्वाला

सहाला दार उघडते मी.
बावीस चटया, बावीस घोंगड्या,
किटलीत लिंडनच्या फुलांचा चहा.
खिडकीबाहेर नदी, नदीपल्याड दुसरा देश,
त्याचे दिवे त्याच्या वेळेला लागतात.
आताशा तिकडे कुणी बोट दाखवत नाही.

हिल्लार येतो टार्टूहून, खडखडत्या व्हॅनमधून.
पूर्वी गोदीत वेल्डर होता.
काशाच्या तीन मोठ्या थाळ्या
ताप आलेल्या माणसाला उतरवावं तशा उतरवतो,
आणि कोटाच्या खिशातून काढतो
लोकर गुंडाळलेला टोला.

फलकावर लिहिलंय: नादस्नान. विश्रांती आणि उपचार.
तो चिकटवताना हसले होते मी.
स्नान म्हणे! भिजत नाही कुणी,
फरशी मात्र मलाच पुसायची.

लोक येतात, बूट काढतात.
रेनात, ज्याला टॅक्सीत बसल्याबसल्या डुलकी लागते
आणि पलंगावर लागत नाही.
एल्व्हीरा, जिचा मुलगा फोन उचलत नाही.
आणि झिनाइदा येगोरोवना,
गिरणीच्या विणकामखात्यात चौतीस वर्षं,
दोन्ही कान मागांना वाहिलेले.
तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ रुंद करून.
ती स्वतः बोलते ते पुलापर्यंत ऐकू जातं.

बहिऱ्या बाईला कशाला हवं संगीत?
विचारलं मी एकदा, ओठ रुंद करून.
बहिरी कुठली, म्हणाली, मला तर सारखं ऐकू येतं.
गिरणी मिटली, माग भंगारात गेले,
एक तेवढा माझ्या डाव्या कानात राहिला.
दिवसपाळी, रात्रपाळी.
बिनपगारी.

हिल्लार पहिला टोला हलकेच देतो.
कानांच्या आधी फळ्यांना कळतो तो,
मग टाचांना, मग बरगड्यांना.
मी दाराशी, हातात ओलं फडकं.
मला दिसतात झिनाइदाची बोटं:
अंगठा नि तर्जनी हवेत काहीतरी चिमटीत धरतात,
पिळतात, ओढतात.
तुटलेला धागा, गाठ.
तुटलेला धागा, गाठ.
कासं चढत जातं, आवाजाला आवाज चिकटतो,
तिच्या मागाहून मोठा माग
कुणी दिवाणखान्याएवढा, कुणी गावाएवढा
सुरू केल्यासारखी घरघर,

आणि मग हिल्लार हात खाली करतो.

नाद निवत जातो, बाजूला ठेवलेल्या इस्त्रीसारखा.
बोटं थांबतात.
ती डोळे उघडून छताकडे बघते,
परक्या घरात जाग यावी तशी.
मागाचा मागमूस नाही.

अकरा श्वास, तिने नंतर मला सांगितलं.
गेल्या गुरुवारी नऊच होते.
मग धोटा पुन्हा धावायला लागला,
मग चहा, बूट, कोटाची बटणं.
बरं वाटलं का, हिल्लार एकेकाला विचारतो.
नाही! ती ओरडली. पुढच्या गुरुवारी येते!

बरं होण्यातलं मला काही कळत नाही.
पंपातलं कळतं.
तळघरात हीटरचा पंप आहे, माझ्याहून थोडाच लहान,
त्याची गुणगुण भिंतींतून वर चढते.
धड कानाच्यांना ती ऐकूच येत नाही, सवयीने.
झिनाइदा म्हणाली, फळ्यांतून येते ती,
नेमकी त्या अकरा श्वासांत पाठीला चावते.

म्हणून शेवटच्या टोल्याआधी मी खाली उतरते.
खटका बंद करते.
वर हॉल गारठतो. रेनात कुरकुरतो, घोंगडी ओढतो.
पंप बिघडलाय का, हिल्लारने विचारलं.
जुना आहे, म्हटलं.

पायरीवर बसते मग,
खटक्यावर बोट ठेवून, अंधारात,
आणि तिचे श्वास माझ्या छातीत मोजते.
आज बारा झाले.
बोट तसंच ठेवलं, दाबलं नाही.