आधी एक्केचाळिसावं पान

आत ये, दार ओढून घे.
वारा शिरला की पुस्तकं चाळतो
आणि घेत एकही नाही.
वाचनालयाची ही गाडी गटचरच्या धक्क्यावर
चाळीस मिनिटं थांबते.
फेरीबोट लागली की मला निघायला हवं,
तेव्हा नाक मुरडण्यात वेळ घालवू नकोस.

जादूबिदू वाचत नाही म्हणालास.
बरोबरच आहे. दिवसभर सॅमनच्या पिंजऱ्यांवर
लाटा झेलत उभं राहणाऱ्याला
ड्रॅगनचं काय कौतुक.
यात ड्रॅगन नाही.
म्हणजे एक आहे,
पण तो सतराव्या प्रकरणात येतो, पत्ता विचारतो
आणि जातो.

यात एक राक्षस आहे, उन्हाळ्यात
आपली सावली तासावर भाड्याने देणारा.
राजाचा कारकून त्या सावलीवर कर बसवतो :
सकाळची लांब, तिला जास्त;
दुपारची आखूड, ती माफ.
मग काय, राक्षस फक्त बाराच्या ठोक्याला धंदा करतो
आणि उरलेला दिवस आडवा पडून राहतो.
एक तलवार आहे,
तिला चारचौघांत म्यानाबाहेर यायची लाज वाटते.
आणि समुद्राने राजावर दावा लावलाय :
मीठ उसनं नेलंत, परत कधी करताय?

पण पहिल्या पानापासून सुरू करू नकोस.
पहिली चाळीस पानं लेखिकेलाच ठाऊक नव्हतं
की आपण विनोदी लिहितोय.
वंशावळ आहे, नकाशा आहे,
नकाशात एक नदी डोंगर चढून जाते.
एक्केचाळीसवर उघड.
तिथे न्यायालयात बदकाची साक्ष चालू आहे
आणि दुभाष्याला फक्त कोंबड्यांची भाषा येते.
तिथेही हसू फुटलं नाही
तर खुशाल मिट,
ताऱ्यांवरचं एक जाड पुस्तक देईन तुला.

समासात पेन्सिलच्या उभ्या रेघा दिसतील.
खोडू नकोस.
लॉरीच्या आहेत, कलिव्होचा लॉरी, जाळी दुरुस्त करायचा.
जिथे हसला तिथे एक रेघ,
वळलेल्या मेंढ्या मोजाव्यात तशी.
पुस्तक वाचनालयाचं आहे रे, म्हटलं मी.
म्हणाला, हसू माझं आहे.
शेवटच्या हिवाळ्यात बोटं मिटेनात त्याची.
मी वाचायचे, तो भुवई उचलायचा,
रेघ मी ओढायचे.
मिठाच्या दाव्यापाशी सलग तीन आहेत,
तिसरी जरा वाकडी.

शेवट तितका बरा नाही, आधीच सांगते.
राक्षस सावली परत मागायला जातो
आणि लेखिका एकदम घाईत आल्यासारखी
सगळ्यांची लग्नं लावून मोकळी होते.
तलवारीचंसुद्धा.
तिथे एकही रेघ नाही.

मुदत तीन आठवडे.
भिजलं तर चुलीशी वाळत घालू नकोस,
पीटच्या धुराचा वास जात नाही.
असू दे, याला आधीच येतोय.
मागच्या खिशात पेन्सिल आहे, टोक काढलेली.
नाही आवडलं तर सरळ सांग,
मला वाईट वाटणार नाही.
वाटेल.
पण पुढच्या गुरुवारपर्यंत ओसरेल.

ती बघ, फेरी वळली. सही कर इथे.
अरे, नकाशा काय बघत बसलास?
एक्केचाळीस म्हटलं ना.