सळई कुठे खुपसायची

हॅलिफॅक्सच्या पालिकेत मी दुकानांचा कर बघते.
म्हणजे पत्रं पाठवते. पहिलं मऊ, दुसरं कोरडं,
तिसऱ्यात कोर्टाचं नाव.

नॉर्मन बॅरॅक्लफना यंदा दुसरं गेलं.
बटणं, लोकर, अस्तराचं कापड,
सत्तावन्न वर्षं तेच दुकान.
ते पत्र घेऊन स्वतःच आले,
सोबत आणखी एक कागद.

जाहिरातीचं बिल होतं ते.
दुकान टेकडीखाली, गिऱ्हाईक टेकडीवर,
मध्ये एक चर्च आणि दोन वळणं.
तरी वरच्या बाईला खालची बटणं सापडावीत
म्हणून महिन्याला चाळीस पौंड
समुद्रापलीकडे जातात. डब्लिनला म्हणे.
डब्लिनहून पुढे कुठे, ते बिलावर नाही.

तळाशी बारीक अक्षरात नवी ओळ:
स्थानिक कराचा खर्च, दोन टक्के.
ऐंशी पेन्स.

कर बसला होता परक्या कंपनीवर.
इथल्या खिशांतून जे जातं
त्यातलं चिमूटभर तरी इथे राहावं, म्हणून.
बातमी आली तेव्हा मी ऑफिसात केक वाटला होता.
कंपनीनं कर वाचला, नीट घडी घातली,
आणि बॅरॅक्लफच्या खिशात सरकवला.

लेकी बोले सुने लागे, मी पुटपुटले.
काय म्हणालीस, मँडी?
(मंदाकिनी इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही.)
समजावायला गेले तर सासू, लेक, सून,
सगळं बिऱ्हाड काउंटरवर मांडावं लागलं.
ते हसले. म्हणाले, म्हणजे सून मीच.
मग चष्मा पुसत विचारलं,
हे ऐंशी पेन्स माझ्या थकबाकीतून वजा होतील?
कर तर मी भरलाच की.
नाही, म्हटलं. ते खातं वेगळं.

माझे वडील विट्याच्या जकात नाक्यावर कारकून होते.
ट्रक थांबायचा, ताडपत्रीची दोरी सुटायची,
आप्पा पोत्यात सळई खुपसायचे
आणि टोक नाकाशी धरून सांगायचे: वर साखर, खाली सुपारी.
चोरी व्हायचीच. दिवाळीला
कुठून तरी बिस्किटांचा डबा यायचा घरी,
आई कुठून ते विचारायची नाही.
पण माल वेशीतून आला
हे गावाला दिसायचं.
जकात उठली तेव्हा आप्पा सळई घरी घेऊन आले.
आईनं तिच्यावर पडदा लावला.

आता काचेवर बोट सरकतं
तेव्हा कोणता ट्रक वेशीत शिरतो?
कुणाची दोरी सोडू? सळई खुपसू कशात?
गेल्या मंगळवारी रात्री अकराला, अंथरुणातून,
मीच मागवली सहा बटणं, निळ्या कोटासाठी.
घरपोच फुकट.
हे मी बॅरॅक्लफना सांगितलं नाही.

तिसरं पत्र शुक्रवारी निघेल. खाली नाव माझं.

घरी जाताना रस्त्यात जुनं टोलघर लागतं,
अष्टकोनी, भिंतीवर अजून दरांची पाटी:
घोड्याला इतके पेनी, मेंढरांच्या विशीला इतके.
सुट्टीसाठी भाड्यानं मिळतं ते, ॲपवर,
किमान तीन रात्री.
दर रात्रीमागे ॲपचा वाटा
तोही जातो, पाटीखालून, न थांबता.

मी मात्र तिथे गाडी हळू करते.
उगाच.