चार पाकळ्या

औषधांचं दुकान मुलाच्या नावावर करून
एव्हारिस्तो घरी बसला, त्या ऑक्टोबरात म्हणाला,
यंदाचं तिखट तेल मी करतो.
म्हटलं, कर.
बेचाळीस वर्षं ज्याने अख्ख्या गावाला
खोकल्याच्या बाटल्या भरून दिल्या
त्याला ही एक जड नाही.

मिरच्या सप्टेंबरपासून सज्जात,
दोऱ्यात ओवलेल्या, समुद्राकडे तोंड करून.
त्याने एकेक कानाशी नेऊन हलवली.
जिचं बी वाजलं ती घेतली,
गप्प राहिली ती परत उन्हात.
माझी आई मुठीने मोजायची.
याने दुकानातला पितळी तराजू काढला,
साठ ग्रॅम, देठाविना.

म्हटलं, हातमोजे घाल.
‘मी फार्मसिस्ट आहे,’ म्हणाला,
आणि पाचव्या मिनिटाला त्याच बोटाने डोळा चोळला.
डोळ्यात तेल घालून काम करावं म्हणतात,
इथे तेलाआधी मिरचीच गेली.
दुधाचा बोळा धरून बसला खुर्चीत,
तिथूनच मला हुकूम: आच कमी, अजून कमी.

तेल मागच्या नोव्हेंबरचं, माझ्या भावाच्या घाण्यावरचं,
घशाला अजून किंचित खरखरीत.
बुडबुडा येऊ न देता तापवलं.
मिरची पडली आणि ते लालसर होत गेलं,
संध्याकाळी बंदरातलं पाणी होतं तसं.
नाही, इतकंही नाही. जुन्या विटेसारखं.

सवयीने मी लसूण पुढे केला,
सोललेल्या चार पाकळ्या.
त्याने मनगट धरलं.
‘लसणात पाणी असतं.’
माझ्या आईने जन्मभर घातला, कोणी मेलं नाही!

तो गप्प. मग, बोळा डोळ्यावरच ठेवून:
आपल्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात
दोघी बहिणी आल्या होत्या दुकानात, वरच्या आळीतल्या.
पापण्या आपोआप मिटत होत्या,
एका माणसाची दोन दिसत होती.
मी हसून विचारलं, वाईन किती झाली?
घरी तेलात मुरवलेली वांगी होती ती.
धाकटी वाचली.

एकेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकत होते.
आणि मग दुसरं कळलं, मिरची कळते तसं,
जिभेवर आधी काहीच नाही, नंतर एकदम घशात.
दर साली माझ्या बाटलीतला लसूण
दुसऱ्या दिवशी नाहीसा व्हायचा.
मी पाल्मिराला, तिच्या सुनांना, पाद्रीबाबांनासुद्धा
मिरवून सांगत आले:
आमचं तेल इतकं जहाल, लसूण विरघळतो त्यात!

म्हटलं, तूच?
‘लांब चिमट्याने,’ म्हणाला. ‘तू झोपल्यावर.’

भांडायला हवं होतं.
पण पाकळ्या मुठीत तशाच, चिकट, गरम झालेल्या.
पाव भाजला, त्याच्यावर खसाखसा चोळल्या,
वरून ते कोमट, अजून न मुरलेलं तेल.
उभ्यानेच खाल्लं दोघांनी.
त्याचा एक डोळा लाल,
माझे दोन्ही.

‘पंधरा दिवस तरी,’ तो म्हणाला, ‘अंधारात, थंड जागी,’
आणि बाटलीला चिठ्ठी चिकटवली,
तारीख घालून, किरट्या अक्षरात.
खाली हात आपसूक लिहून गेला:
घेण्यापूर्वी हलवणे.