घट

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये अकरा पिंपं आडवी झोपलीत.
गोव्याहून आली तेव्हा आतून रमनं भिजलेली;
उतरवताना हमाल म्हणाले,
मॅडम, नुसत्या वासावर आजची हजेरी लावा आमची.

चार गळत होती.
पुण्याचा एक जाणकार फोनवर म्हणाला, फेका, नवी घ्या.
मी वडणग्याला गेले आणि तातोबा लोहारांना
स्कूटरवर मागं बसवून आणलं.
हयात गेली त्यांची बैलगाडीच्या चाकांना धावा चढवण्यात,
रबरी टायर आल्यापासून भाता गार.
पिंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या,
बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं,
"हे म्हंजे चाकाला पोट सुटलंय नुसतं."

पट्टी तापवायची नाही, मी म्हटलं, लाकूड करपेल.
"तापल्याबिगर लोखंड ऐकतंय व्हय?"
तरी गारच ठोकली, गोल गोल फिरत,
एका जागी दोनदा हातोडी न मारता.
सकाळी पाणी भरून बघितलं.
जमीन कोरडी.

जानेवारीत जवाचं गोड पाणी
चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर नेलं,
काहिलीशेजारी पसरट हौदात रात्रभर उघडं ठेवलं.
हवेत जे होतं ते उतरलं त्यात,
बिननावाचं, बिनपत्त्याचं,
उसाच्या चोयट्यावरून, गुळव्याच्या उपरण्यावरून.
चौगुले कंदील धरून उभे:
"झाकत न्हाईस? आमी तर माशी पडंल म्हणून जीव टाकतो."

मग काहीच करायचं नाही,
हेच सगळ्यात अवघड काम.
साय धरते वर, सुरकुतलेली, पांढरी,
ती मोडायची नाही.
मे महिन्यात गगनबावड्याची करवंदं घातली,
चीक बोटांना आठवडाभर.
आई म्हणाली, आंबलेलं विकणार, ते पण महाग?
आमच्यात आंबलं की गटारीत वततात.

सातवं बिघडलं.
नेलपेंटचा वास, मग नुसता शिरका.
तीन दिवस मी त्या पिंपाकडं बघितलं नाही,
चौथ्या दिवशी बूच काढलं
आणि निरीक्षकांच्या सहीनं ओतून दिलं.

अठरा महिन्यांनी तेच निरीक्षक पुन्हा आले,
पाटोळे, उत्पादन शुल्क, बगलेत रजिस्टर.
दहा पिंपांत दोन हजार लिटर भरलं,
भरतंय सतराशे साठ.
"दोनशे चाळीस कुठं गेलं?"
गळती नाही, मी म्हटलं, हात फिरवून बघा.
"विकलं?"
नाही.
"मग प्यालं कोण?"
थोडं लाकडानं. बाकीचं ह्या शेडमधल्या हवेनं.

त्यांनी वर बघितलं, पत्र्याकडं,
जणू तिथं कुणी झिंगून बसलंय.
एक दीर्घ श्वास घेतला, ड्युटीवर असून,
आणि मग थोडा लाजून दुसरा.
रकान्यात लिहिलं: घट.

तो शब्द मी बराच वेळ बघत राहिले.
भरून ठेवायचा तोही घट,
कमी होत जाते तीही घट.

दुसरं, पाचवं आणि नववं एकत्र केलं.
पाचवं एकटं फार बोचरं,
नववं नुसतंच गोडबोलं,
दुसऱ्यानं दोघांना सांभाळून घेतलं.
सहाशे ऐंशी बाटल्या, हातानं आकडे घातलेले.
उरलेल्या सातांना अजून झोप हवी होती.

तातोबांना एक बाटली द्यायला गेले.
ते पीत नाहीत.
उजेडाला धरून रंग बघितला, करवंदी,
आणि बाटली परत माझ्या पिशवीत ठेवली.
मजुरीचं विचारलं तर म्हणाले,
त्या बिघडलेल्या पिंपाच्या पट्ट्या असतील तर दे,
भाता पेटवायला निमित्त पायजे.