मुदत

डोंगरातल्या त्या ग्रीक गावात कबरी भाड्यानं असतात.
पाच वर्षं. मग जागा मोकळी करायची,
कारण दफनभूमी एवढीशी, तिन्ही बाजूंनी कडे,
आणि मरणारे काही थांबत नाहीत.

एव्हान्थियाची मुदत मे महिन्यात भरली.
लेक आली अथेन्सहून, रात्रीच्या बसनं,
पायाशी पाच लिटरचा कॅन,
काकानं काढलेली लाल वाईन, जराशी आंबट.

लेफ्तेरिस खणतो. आधी फावडं, मग खुरपं, मग नुसते हात.
बायका कडेला उभ्या. अजून कुणी रडत नाही.
"हळू रे," म्हणते जाऊ, म्हातारी स्तमाता,
"तिला गुदगुल्या सोसत नसत."
सगळ्या हसतात, आणि त्या हसण्यातच
क्रिसूलाचा बांध फुटतो.

आधी वर येतो बुटाचा तळवा.
मग एक निळं बटण.
मग ती.

केवढी कमी!
जिच्या मांडीवर चार नातवंडं मावत
ती आता एका टॉवेलावर मावते.

हाडं वाईननं धुवायची असतात.
क्रिसूला धुते. आई तिची मान, काखा,
कानामागची घडी धुवायची तशी,
काही राहू नये म्हणून क्रमानं.
डावा हात. हा ऑलिव्हच्या झाडावरून पडून मोडलेला,
सांधा अजून दिसतो, किंचित वाकडा.
मातीनं सगळं नेलं,
आवाज नेला, रागावली की चढायची ती भुवई नेली,
हा वाकडेपणा तेवढा ठेवला.

"स्वच्छ निघाली," बायका म्हणतात, "मेणासारखी पिवळी.
बाई चांगली होती."
काळी निघाली असती तरी
हेच म्हणाल्या असत्या, मला वाटतं.

कवटीचं वजन खरबुजाएवढंही नाही.
एवढ्याशात चोवीस जणांचे वाढदिवस,
कुणाकडून किती येणं आहे त्याचा हिशेब,
आणि एक गोष्ट, जी तिनं कधीच कुणाला सांगितली नाही.
क्रिसूला कान लावत नाही.
लावावासा वाटतो.

पत्र्याची पेटी. वर ब्रशनं नाव.
हाडघरात जागा मिळते सासूशेजारी,
जिच्याशी ती सोळा वर्षं बोलली नव्हती.
"बसा म्हणावं आता दोघी," स्तमाता म्हणते,
आणि उकडलेल्या गव्हात साखर, डाळिंबाचे दाणे कालवून
ज्याच्या त्याच्या ओंजळीत घालते.

खड्डा उघडाच राहतो.
लेफ्तेरिस कडा सारख्या करतो, फावडं पुसतो,
आणि शिंप्यानं पाहावं तसं, सहज,
स्तमाताकडे पाहतो.
तीही पाहते.
"अजून नाही," म्हणते, "द्राक्षं उतरवायचीत."